सेटअप शीट कशी वाचायची : वाळूत जन्मलेली बग्गी वाळूतच का रुतते?



माझ्या प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, हौशी माणसं विकत घेतलेल्या यंत्रात स्वतःच्या हाताने जे बदल करतात त्यांचा इतिहास. त्यातलं एक अख्खं प्रकरण रिमोटवर चालणाऱ्या, मातीच्या ट्रॅकवर पळवायच्या छोट्या बग्गीचं आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, साधारण दीड किलो वजनाची, बॅटरीवरची गाडी. "ही तर खेळणी, त्यात इतिहास कसला?" असं वाटत असेल तर थोडा दम धरा. या खेळण्याचे शौकीन गेली चाळीस वर्षं आपण काय काय बदललं ते कागदावर लिहून ठेवत आलेत. असा कागद ट्रॅक्टरवाल्यांनी ठेवलेला नाही, होडीवाल्यांनी ठेवलेला नाही. त्यामुळे माझ्यासारख्याला हे घबाडच आहे.

त्या कागदाला म्हणतात सेटअप शीट. एका पानावर गाडीचं चित्र आणि रकाने. पुढच्या चाकाचा कल किती अंश, शॉकअपमध्ये तेल कोणतं, स्प्रिंग कोणती, गाडीचं पोट जमिनीपासून किती मिलिमीटर वर, टायर कोणता आणि त्याच्या आत फोम कसला. शर्यत जिंकणारा आपला कागद भरतो आणि बाकीचे त्याची नक्कल करतात. नक्कल करताना एक भाग मात्र बरेच जण वाचतच नाहीत. त्याच कागदावर ट्रॅकचे रकानेही असतात. जमीन माती, गवत की कृत्रिम हिरवळ. कोरडी की ओलसर. गुळगुळीत की खडबडीत. पकड कमी, मध्यम की जास्त. माझं म्हणणं असं की हा कागद वाचायचा तर इथून वाचायचा, कारण बाकीचे सगळे आकडे या रकान्यांना दिलेली उत्तरं आहेत. बग्गीचा इतिहास हा मोटरींचा किंवा कंपन्यांचा नाही, तो जमिनीचा इतिहास आहे.

हे पटायला देवबाग बरं पडतं. मालवणहून तारकर्ली ओलांडून खाली आलं की जमीन चिंचोळी होत जाते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी, मधे माडांची आणि घरांची पट्टी, आणि दक्षिणेच्या टोकाला संगम. इथे तुम्हाला पन्नास पावलांत दोन वेगळ्या जमिनी मिळतात. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू इतकी घट्ट असते की तिच्यावर सायकल आरामात चालते. वरची कोरडी पुळण मात्र पाय टाकला की घोटा आत. आता कल्पना करा की आजची एखादी अव्वल रेसिंग बग्गी तुम्ही या पुळणीवर ठेवली. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटर वर. टायरवर बारीक बारीक दाणे, किंवा दाणेच नाहीत. थ्रॉटल दाबला की मागची चाकं स्वतःपुरता खड्डा खणणार, पोट वाळूवर टेकणार, आणि गाडी तिथेच बसणार. नाव 'ऑफ-रोड', आणि रस्ता सोडल्यावर दहा फूट चालवत नाही. (खरोखर करून बघणाऱ्यांना एक विनंती : आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तेव्हा त्या दिवसांत वरच्या पुळणीला हात लावू नका.)

गंमत म्हणजे ही गाडी जन्मली वाळूतच. तिची आजी म्हणजे कॅलिफोर्नियाची खरी ड्यून बग्गी. १९६४ साली ब्रूस मायर्स या बोटी बांधणाऱ्या माणसाने फोक्सवॅगन बीटलचे भाग घेऊन त्यांवर फायबरग्लासचं हलकं शरीर चढवलं आणि त्या गाडीला नाव दिलं मायर्स मँक्स. फायबरग्लासचा हात त्याला बोटींमुळेच बसला होता. बीटलचं इंजिन मागे, अगदी मागच्या चाकांच्याही पलीकडे. शहरातल्या रस्त्यावर ही मांडणी फार कौतुकाची नसेल, पण वाळूत तिने कमाल केली. वजन मागच्या चाकांवर, आणि ढकलणारी चाकंही तीच. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली पहिली लांब पल्ल्याची शर्यत मँक्सने जिंकली.

जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही मॉडेल बनवणारी कंपनी १९७९ साली या कुटुंबातल्या दोन छोट्या गाड्या घेऊन आली, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. यांत पुढचं सस्पेन्शन खऱ्या बीटलसारखं, धातूचं ओतीव. रेडिओचे भाग पाणी-वाळू शिरू नये म्हणून बंद डब्यात. तामियाचं ध्येय होतं हुबेहूबपणा. शर्यत हा त्यांचा पहिला विचार नव्हता, पण घेणाऱ्यांनी शर्यती लावल्याच. माणसाला दोन गाड्या दिल्या की दुसरं काय होणार! कॅलिफोर्नियात घरामागच्या अंगणात, पार्किंगच्या कडेला, मोकळ्या माळावर ट्रॅक उभे राहिले. आणि तिथे पहिला बदल झाला तो गाडीत नाही, जमिनीत. किनाऱ्याची सैल वाळू गेली. तिच्या जागी आली दाबून घट्ट केलेली माती, आखलेली वळणं, मुद्दाम रचलेले उंचवटे.

उंचवटा आला की सगळं गणित फिरतं. वाळूत गाडी उडत नाही, पोहते. ट्रॅकवर ती उडते आणि आपटते. धातूचं जड सस्पेन्शन आपटलं की उसळतं, आणि उसळलेल्या गाडीची चाकं हवेत असेपर्यंत तुमच्या हातात काही नसतं. १९८४ साली टीम असोसिएटेड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने आरसी-१० ही गाडी काढली. रॉजर कर्टिस यांचं डिझाइन. ती कुठल्याही खऱ्या गाडीची नक्कल नव्हती. सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चॅसी, चारही चाकांना स्वतंत्र लांब दांड्या, आणि तेलाने भरलेले शॉकअप. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे एक दशांश मापाच्या बग्गींची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील गटात आरसी-१० जिंकली.

इथे जरा थांबून तेलाचं सांगतो, कारण सेटअप म्हणजे काय हे त्यातून लवकर कळतं. शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी. आत भोकं पाडलेला एक दट्ट्या. चाक वर गेलं की तेलाला त्या भोकांतून निघावं लागतं. तेल घट्ट तर हालचाल सावकाश, पातळ तर झटपट. उंचवट्यांवरून उड्या मारायच्या तर घट्ट तेल हवं, नाहीतर पोट आपटतं. बारीक खाचखळग्यांची जमीन असेल तर पातळ हवं, नाहीतर चाक खड्ड्यात उतरेपर्यंत खड्डा मागे गेलेला असतो. म्हणजे एकाच नळीकडून दोन उलट कामं हवीत. मग लोक दट्ट्याची भोकंच बदलायला लागले, लहान-मोठी, कमी-जास्त. त्यात हवामान. सिलिकॉनचं तेल गरमीत पातळ होतं. थंड देशातल्या जानेवारीतला आकडा तुम्ही मे महिन्यात मालवणात वापरलात तर गाडी वेगळीच वागणार. कागदावरचा आकडा तोच, तेल मात्र तेच नाही.

बाकीची नावं तुम्ही टायरवाल्याकडे ऐकलेली आहेत. व्हील अलाइनमेंटला गेल्यावर तो जे कँबर आणि टो म्हणतो तेच इथेही आहे. चाकाचा वरचा भाग आत कलला की वळताना बाहेरचं चाक जमिनीवर सपाट बसतं. मागच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवली की सरळ रेषेत गाडी शेपूट हलवत नाही, पण थोडा वेग खाते. फरक इतकाच की तुमच्या गाडीचं अलाइनमेंट वर्षातून एकदा होतं आणि हे लोक एका दुपारी चारदा करतात.

आता इंग्लंडला जाऊ, कारण तिथली जमीन वेगळी आणि म्हणून गाडीही वेगळी. नॉर्थहॅम्प्टनचे सेसिल शूमाकर मूळचे कॉसवर्थ या इंजिन कंपनीतले अभियंते. छोट्या गाड्यांसाठी त्यांनी बाहेरून घट्ट-सैल करता येईल असं गोळ्यांचं डिफरन्शियल बनवलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू द्यावं लागतं. पण किती वेगळं, हे जमीन ठरवते. इंग्लंडमध्ये शर्यती बऱ्याचदा गवतावर, तेही ओल्या. तिथे चारही चाकांना ताकद देणं शहाणपणाचं. शूमाकरची कॅट ही फोर-व्हील बग्गी १९८६ साली आली आणि १९८७ मध्ये इंग्लंडमधल्याच रॉम्सी इथल्या जागतिक स्पर्धेत मासामी हिरोसाका या जपानी मुलाने ती चालवून विजेतेपद घेतलं. पुढे हिरोसाकांच्या नावावर एकूण १४ जागतिक विजेतेपदं जमली. गवताला बारीक काट्यांचे टायर लागतात आणि शूमाकरचे तसे टायर पुढे कृत्रिम हिरवळीच्या ट्रॅकवरही चालले. तोच टायर कॅलिफोर्नियाच्या कडक मातीवर लावला तर काटे मुडपतात आणि गाडी साबणावरून घसरल्यासारखी जाते.

कॅलिफोर्नियात याच काळात लोसी कुटुंबाचं उदाहरण घडलं, आणि ते मला सगळ्यांत बोलकं वाटतं. हे लोक पोमोना इथे ट्रॅक आणि दुकान चालवणारे. रोज डोळ्यांसमोर गाड्या घसरताना बघणारे. त्यांनी टायर बनवले आणि १९८८ साली स्वतःची बग्गी काढली, जेआरएक्स-२. म्हणजे ज्याची जमीन, त्याचीच गाडी. कारखान्याने शोध लावला आणि गिऱ्हाइकाने वापरला, ही आपण शाळेत शिकलेली सरळ रेघ इथे उलटी होते.

मोटरीतल्या फेरफारांवर मी थोडक्यात उरकतो, कारण तो भाग सगळ्यांना आधीच आवडतो. कुडाळ-मालवणात पंपाची मोटर जळली की आपण वाइंडिंगवाल्याकडे नेतो. तो तांब्याची तार काढून नवीन गुंडाळतो. हे शौकीन तेच करत, फक्त मुद्दाम कमी फेरे देऊन. फेरे कमी, तार जाड, मोटर जास्त वेगवान, आणि बॅटरी लवकर खलास. म्हणून दोन गट पडले. एकात मोटर ठरलेल्या २७ फेऱ्यांची, सगळ्यांना सारखी. दुसऱ्यात काहीही करा. पुढे ब्रशलेस मोटरी आणि लिथियम बॅटऱ्या आल्या तेव्हा तारेची ही कला जवळजवळ संपली. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण गॅरेजच्या वासात दिवस काढलेले जुने लोक नव्या बॅटऱ्यांवर खूश होते, हेही खरं.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. गाडी जमिनीप्रमाणे बदलत होती तोवर ठीक होतं. हळूहळू लोक जमीनच गाडीप्रमाणे बदलायला लागले. अमेरिकेतल्या छताखालच्या मातीच्या ट्रॅकवर साखरेचं पाणी मारतात. माती चिकट होते, टायर धरून ठेवते. हे ऐकून हसू नका. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात, ती काय नुसती हौस म्हणून? माती तयार करावी लागते. आणि जशी आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत मातीचा पैलवान वेगळा आणि गादीचा वेगळा, तसंच या खेळातही झालं. युरोपात गालिचा आणि कृत्रिम हिरवळ आली, म्हणजे गादी. अमेरिकेत साखरेची माती. दोन्हींत पकड इतकी की जुन्या बग्गीचं मागे ठेवलेलं वजन ओझं झालं. सैल जमिनीत मागची चाकं दाबून धरायला मोटर मागच्या आसाच्या पलीकडे हवी होती. बीटलपासून चालत आलेली रीत ती हीच. जिथे पकड आयतीच मिळते तिथे ते वजन वळणावर शेपटासारखं झुलतं आणि पुढची चाकं हलकी पडल्याने गाडी वळायलाच मागत नाही.

मग मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या पोटात आली. २०११ च्या सुमारास टीएलआर २२ सारख्या गाड्या दोन्ही तऱ्हांनी जोडता येत होत्या, घेणाऱ्याने आपल्या ट्रॅकप्रमाणे ठरवायचं. २०१३ मध्ये असोसिएटेडने बी-५ मागच्या मोटरची आणि बी-५एम मधल्या मोटरची, अशा दोन काढल्या. २०१६ ची बी-६ आली ती मधल्याच मोटरची. दोन प्रकार तिच्यातही होते, एक गालिचा-हिरवळीसाठी आणि एक मातीसाठी, पण मोटर दोन्हींत मध्ये. बीटलचं इंजिन जिथे होतं ती जागा रिकामी झाली. इतिहासकार म्हणून मला हा क्षण 'सुधारणा' म्हणून लिहावासा वाटत नाही. गाडी चांगली झाली, हे अर्धं वाक्य आहे. कुठल्या जमिनीवर चांगली झाली, हे उरलेलं अर्धं.

"पण आपल्याकडे हे काहीच का नाही?" असं तुम्ही विचाराल. याची उत्तरं कागदोपत्री सापडतात. १९३३ च्या वायरलेस कायद्याने रेडिओ यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागायचा. १९९१ पर्यंत परदेशी वस्तू आणणं म्हणजे आयात परवान्यांचं जंगल. आरसी-१० अंगणाअंगणांत पळत होती तेव्हा आपल्याकडे ती एखाद्या आखाती देशातल्या काकांच्या बॅगेतूनच यायची. २.४ गिगाहर्ट्झची लहरपट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली. ही पट्टी महत्त्वाची, कारण त्याआधी प्रत्येक रिमोटला ठरावीक क्रिस्टल असे आणि दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाची गाडी दुसऱ्याचं ऐकायची. म्हणजे रेडिओची अडचण सुटली. पण २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी बनवणाऱ्यांना यातून आधार मिळाला असेल, मी तो वाद इथे घालत नाही. पण हा खेळ सुट्या भागांवर जगतो. दांडी तुटली की नवी, टायर झिजला की नवा. जो भाग बाहेरूनच येतो तो महाग झाला की माणूस प्रयोग करायचं सोडतो आणि गाडी कपाटावर ठेवतो.

आपल्याकडे बग्गीचं सेटअप ज्यांनी खरोखर केलंय ते बहुतेक मोठ्या गाडीवर, इंजिनिअरिंग कॉलेजात. 'बाहा' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या कित्येक मेकॅनिकलवाल्यांचे डोळे अजून चमकतात. ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ पासून चालते, भारतात २००७ पासून, इंदूरजवळ पिथमपूरला. मुलं स्वतः नळ्या वेल्ड करून एका माणसाची बग्गी बांधतात आणि तिला चार तासांच्या शर्यतीत सोडतात. बरीच वर्षं इंजिन सगळ्यांना एकच असे, १० अश्वशक्तीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. म्हणजे तोच २७ फेऱ्यांच्या मोटरीचा न्याय. ताकद सारखी केली की उरतात सस्पेन्शन, गिअर, वजन आणि जमीन. जी मुलं गुळगुळीत सिमेंटवर सराव करून पिथमपूरच्या दगडमातीत उतरली, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

अशा मुलांपैकी कुणी आता छोटी बग्गी घेणार असेल तर माझ्या कागदांतून निघालेलं एक सांगून ठेवतो. ॲल्युमिनियमचे चकचकीत भाग आधी घेऊ नका. प्लास्टिकची दांडी आपटल्यावर वाकते आणि परत येते. तिच्या जागी ॲल्युमिनियम लावलंत तर तो धक्का पुढे सरकतो आणि मागचा महागडा भाग तुटतो. पहिला खर्च टायरवर, दुसरा तेलावर. आणि कुणाचीही सेटअप शीट उतरवण्याआधी तिच्यावरचा जमिनीचा रकाना वाचा.

आता देवबागची शीट भरून बघू. जमीन : वाळू. पकड : वरच्या पुळणीवर जवळजवळ नाही, ओहोटीच्या पट्ट्यात मध्यम. मागचे टायर वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्यांचे, कारण इथे टायरने जमीन धरायची नाही, मागे लोटायची आहे. पुढचे टायर अरुंद, गोलाकार कड्यांचे, म्हणजे सुकाणूसारखे वाळू कापतात. मोटर मागच्या आसाच्या मागे. पोट होईल तेवढं वर. स्प्रिंगा मऊ. डिफरन्शियल बरंच घट्ट, नाहीतर सैल वाळूतलं एकच चाक सगळी ताकद घेऊन गरगरतं. गिअर एक-दोन दात हलका, कारण वाळू मोटरीला दम खायला देत नाही आणि ती तापते. म्हणजे बघा, फिरून आपण जवळजवळ १९७९ च्या गाडीपाशी आलो. (तामियाने रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर २००९-१० मध्ये पुन्हा बाजारात आणल्या, त्या घेणाऱ्यांना बहुधा आठवण हवी होती. इथे त्या कामालाही येतील.)

एका गोष्टीसाठी मात्र मी पाहिलेल्या कुठल्याच शीटवर रकाना नाही, आणि ती म्हणजे खारं पाणी. बंदिस्त बेअरिंगमध्येसुद्धा ते शिरतं, आणि दोन दिवसांत स्क्रूची डोकी तांबूस होतात. होडीच्या इंजिनाला जे करतात तेच इथेही करा. घरी आल्यावर रेडिओ आणि बॅटरी काढून गाडी गोड्या पाण्याने धुवायची, फुंकून सुकवायची, बेअरिंगना एकेक थेंब तेल. आणि हे त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नाही.